तासाभराने आपोआप सुटणारा ब्रेक

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"गाडी सात वर्षांची, ८२,००० किलोमीटर झालेली. गेले दोन महिने ती डावीकडे ओढते. निघताना काही जाणवत नाही, पण वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी जड वाटायला लागते. मायलेज घसरलंय. उतरलो की पुढच्या डाव्या चाकाजवळ जळका वास येतो आणि रिमला हात लावता येत नाही. तासभर उभी ठेवली की पुन्हा सगळं ठीक. आठ महिन्यांत डाव्या चाकाचे पॅड दोनदा बदलले. शेवटच्या वेळी काढलेले पॅड मी मागून घेतले: आतला २ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा ७. आता गॅरेजवाले म्हणतात, पुढचे दोन्ही कॅलिपर आणि दोन्ही डिस्क बदलून टाका. मला पान्यांची सवय आहे. ऑइल, फिल्टर, पॅड मी घरीच बदलू शकतो. कॅलिपर खरंच गेलाय का, हे मला स्वतःला कसं कळेल? तो दुरुस्त होतो की बदलावाच लागतो? आणि घरच्यांचं म्हणणं असं की तोवर गाडी हलवायची नाही. हळू चालवली तर काय बिघडतं?"

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. घरच्यांचं बरोबर आहे. हळू चालवली तरी तो पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासतच राहतो, आणि घासण्याची उष्णता पॅड ढकलणाऱ्या पिस्टनमधून मागच्या ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ३ जातीचं कोरं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी मुरलेलं ऑइल अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, ते फरशीपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. आजवर असं झालं नाही हे तुमचं नशीब. गाडी फक्त तपासणीपुरती काढा, तीही जवळच्या जवळ, मोकळ्या सपाट रस्त्यावर.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात मला दोन पुरावे दिसतात आणि ते दोन्ही एकाच चोराकडे बोट दाखवत नाहीत. आतला पॅड २ आणि बाहेरचा ७, हा पहिला. चाक तासाभराने आपोआप मोकळं होतं, हा दुसरा. गॅरेजने बहुधा फक्त पहिला पाहिला. दुसरा तुमच्याकडेच होता, कारण गाडी त्यांच्याकडे पोचेपर्यंत आणि जॅकवर चढेपर्यंत चाक थंड होऊन सुटलेलं असणार.

हे का महत्त्वाचं ते कळायला कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा, आतून कसा चालतो ते एकदा डोळ्यांपुढे आणा. बहुतेक साध्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला, आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो. आतला पॅड डिस्कला टेकला की पिस्टनला पुढे जायला जागा उरत नाही, मग तोच दाब उलट दिशेने काम करतो: अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. म्हणजे पिना मोकळ्या असतील तरच दोन्ही पॅड सारखे लागतात आणि सारखे झिजतात.

आणि सुटताना? पुष्कळांना वाटतं आत स्प्रिंग असते. नसते. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची एक रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ती त्याला धरून ठेवते आणि थोडी पिळली जाते. दाब गेला की ती आपल्या मूळ आकारात परतते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून तेवढा पुढे सरकतो आणि नवी जागा धरतो, म्हणून डिस्क ब्रेकला हाताने ॲडजस्टमेंट करावी लागत नाही. इतक्या मोठ्या गाडीचा ब्रेक सुटतो तो रबराच्या एका कड्याच्या लवचिकतेवर, याचं मला अजूनही नवल वाटतं. पण केसभर मागे येणारा पिस्टन अडायलाही केसभरच कारण पुरतं. बूट, म्हणजे पिस्टनवरचं रबरी आवरण, फाटून पाणी आत गेलं, पिस्टनवर गंजाचा एक खवला उठला, झालं.

पहिला पुरावा घेऊ. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजतो तेव्हा दोनपैकी एक गोष्ट घडत असते. एक तर पिस्टन पुढे जाऊन मागे येत नाही, किंवा पिना जाम आहेत आणि कॅलिपर सरकत नसल्यामुळे आतला पॅड एकटाच सगळं काम करतो. उलट बाहेरचा जास्त झिजला असता तर मी सरळ पिनांवर बोट ठेवलं असतं, कारण कॅलिपर आत ओढला गेला आणि परत सरकलाच नाही, असा त्याचा अर्थ. पॅड पाचरीसारखा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झिजला असेल तर एकच पिन अडकलेली असते, किंवा पॅडचा कान, म्हणजे त्याचं पुढे आलेलं टोक, ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या लोखंडी चौकटीत, रुतलेला असतो. ते जुने पॅड अजून असतील तर कडेने धरून उजेडात पाहा. टाकले असतील तर असू द्या.

दुसरा पुरावा जास्त बोलका आहे. गंजून अडकलेला पिस्टन चहा पिऊन येईपर्यंत स्वतःहून मोकळा होत नाही. जाम पिनही सहसा होत नाही. जे तासाभरात सुटतं ते बहुधा दाब अडकून राहिल्यामुळे धरलेलं असतं, आणि दाब हळूहळू झिरपून गेला की सुटतं. चाकाजवळ दाब अडकवणारी नेहमीची जागा म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज पाइप. तो बाहेरून ठणठणीत दिसतो. आतलं अस्तर मात्र फुगून किंवा सुटून पडद्यासारखं लोंबतं. तुमच्या पायाचा जोर मोठा, त्यामुळे ऑइल पडदा सारून कॅलिपरकडे जातं. परत येताना त्याला ढकलायला फक्त त्या सीलची ताकद, तेवढ्याने पडदा उघडत नाही. कधी कधी होजला धरणारी लोखंडी पट्टी गंजून फुगते आणि होजलाच आवळते, परिणाम तोच.

पण फक्त होज खराब असता आणि पिना मोकळ्या असत्या, तर अडकलेल्या दाबाने दोन्ही पॅड सारखेच घासले असते. तुमचे तसे नाहीत. म्हणून माझा अंदाज असा की तुमच्या डाव्या चाकात दोन बिघाड एकत्र नांदताहेत: होज दाब धरून ठेवतोय, आणि त्याच्या जोडीला पिना सुकल्या आहेत किंवा पिस्टन जड झालाय. कदाचित आधी एकच होता आणि त्या उष्णतेने दुसरा तयार केला. अंदाज खोटाही ठरेल. म्हणून पैसे काढण्याआधी एक चाचणी करा. सगळी मेख तिच्यातच आहे.

त्याआधी दोन किरकोळ गोष्टी. पुढच्या दोन्ही टायरांमधली हवा तपासा. डावीकडे कमी असली तरी गाडी डावीकडे ओढते. आणि "डावीकडे ओढते" म्हणजे नेमकी कधी? ब्रेक न दाबता ओढत असेल तर डावा ब्रेक सुटत नाहीये. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर कदाचित उजवा ब्रेकच लागत नाहीये, कारण ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो त्या बाजूला गाडी जाते. अशा वेळी निर्दोष चाक खोललं जातं आणि दोषी चाक मजेत फिरत राहतं. तुमच्या बाबतीत वास आणि तापलेली रिम डावीकडेच असल्यामुळे शंका फारशी नाही, तरी पाहून घ्या.

आता चाचणी. चाक धरलेलं असतानाच ती करावी लागते, मोकळ्या चाकावर तिचा काही उपयोग नाही. गाडी तेवढी वीस-पंचवीस मिनिटं फिरवा, मधेमधे ब्रेक लावा, आणि जडपणा जाणवू लागला की परत या. थांबताना शक्य तितका कमी ब्रेक वापरा. लांबून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डावी आणि उजवी डिस्क एकाच जागी मोजा. दोन्ही चाकांत दहा-पंधरा अंशांचा फरक असला तर सोडून द्या. एक बाजू दुसरीच्या दीडपट-दुप्पट असेल तर पकड नक्की आहे. थर्मामीटर नसेल तर हाताचा पंजा रिमपासून चार बोटं लांब धरा, धग कळते. डिस्कला हात लावू नका. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण माझ्या तर्जनीवर एक जुना पांढरा डाग आहे.

सपाट जागेवर मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मग गाडी जॅकवर उचला आणि घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका, पाच मिनिटांचं असलं तरी. डावं चाक हाताने फिरवा. हलकं खसखसणं नॉर्मल आहे, पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जात असेल तर थोडा जडपणाही असतो. खात्रीसाठी उजवं चाक उचलून तुलना करा.

डावं चाक फिरत नसेल तर दहा मिनिटं थांबा, म्हणजे डिस्क थोडी निवेल आणि दाब अजून तसाच असेल. चाक काढा. कॅलिपरच्या वरच्या अंगाला रबरी टोपी घातलेला निपल असतो, त्यातूनच हवा काढतात. त्यावर रिंग पाना बसवा, पारदर्शक नळी लावा, नळीचं टोक बाटलीत सोडा, चष्मा घाला आणि निपल पाव फेरा उघडा. पेडलला कोणीही हात-पाय लावायचा नाही.

ऑइलची पिचकारी उडाली आणि डिस्क लगेच हाताने फिरू लागली, तर दाब अडकलेला होता. कॅलिपर त्या क्षणापुरता तरी निर्दोष. दोन थेंब आले, डिस्क तशीच घट्ट, तर दाबाचा संबंध नाही. पिस्टन, पिना किंवा पॅड कुठेतरी रुतले आहेत. आणि पिचकारी उडाली, डिस्क थोडीशी सैल झाली पण पूर्ण सुटली नाही, तर माझा दोन चोरांचा अंदाज खरा समजा.

दाब अडकलेला निघाला तर तो होजमध्येच अडकलाय की वर, हेही पाहता येतं. निपल बंद करा, पेडल दोन-चारदा दाबून चाक पुन्हा धरू द्या. आता जिथे लोखंडी पाइप होजला मिळतो तिथला नट, खाली फडकं धरून, किंचित सैल करा. चाक सुटलं तर अडथळा त्याच्याही वर, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) किंवा एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूला. नाही सुटलं, पण खालचा निपल उघडताच सुटलं, तर होज. या नटाला साधा पाना लावला की त्याचे कोपरे गोल होतात. ब्रेक पाइपचा खास पाना मिळतो, तो नसेल तर ही दुसरी पायरी सोडून द्या. त्याऐवजी बाकीची चाकं पाहा. एकटंच चाक धरत असेल तर संशय होजवर. पुढची दोन्ही धरत असतील, किंवा पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकी जोडी धरत असेल, तर मास्टर सिलिंडरकडे जा. पुष्कळ गाड्यांत ब्रेकची दोन सर्किटं अशी तिरकी विभागलेली असतात.

होज निघाला तर दोन्ही बाजूंचे बदला. उजवा त्याच वयाचा आहे, तो फार काळ मागे राहणार नाही.

आता कॅलिपर. खालचा पिनबोल्ट काढून कॅलिपर वर उचला, किंवा दोन्ही काढून पूर्ण बाजूला घ्या. तो होजवर लोंबू देऊ नका, तारेने वर बांधा. पिना एकेक करून बाहेर ओढा. बोटाने ओढल्यावर गुळगुळीत आल्या पाहिजेत. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत, "कॅलिपर गेला" म्हणून आलेल्या पुष्कळांच्या फक्त पिना गेलेल्या होत्या: ग्रीस सुकून डांबरासारखं झालेलं, बूट चिरलेला, आत पाण्याचा गंज. पिनेवर खड्डे पडले असतील तर नवी घ्या, त्या सुट्या मिळतात. नसतील तर पिन आणि तिचं भोक दोन्ही स्वच्छ पुसून काढा. कुठली पिन वर होती आणि कुठली खाली, यावर खूण करा. दोन्ही सारख्या दिसल्या तरी अनेकदा एकीच्या टोकाला रबराची बुशी असते, आणि अदलाबदल झाली की जाम होण्याचा नवा हप्ता सुरू.

ग्रीस फक्त ब्रेक पिनांसाठीचं, सिलिकॉनचं किंवा त्या कामाचं सिंथेटिक. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस डब्यात उरलंय म्हणून तेच फासण्याचा मोह होतो. ते पेट्रोलियमपासून बनतं, त्याने ब्रेकचं रबर फुगतं आणि फुगलेला बूट पिनेला आवळून धरतो. महिनाभर सगळं छान चालतं, मग पूर्वीपेक्षा वाईट. तांब्याचं ग्रीसही पिनांना नको. आणि पातळ थर पुरे. भोक गच्च भरलंत तर पिन आत गेल्यावर कोंडलेलं ग्रीस आणि हवा तिला परत बाहेर लोटतात.

ब्रॅकेट विसरू नका. पॅडचे कान ज्या स्टीलच्या पातळ क्लिपांवर बसतात त्या काढा. त्यांच्याखाली गंजाचा थर साचून क्लिप वर उचलली गेलेली असते आणि पॅड चिमट्यात धरल्यासारखा अडकतो. तारेच्या ब्रशने, गरज पडली तर सपाट कानशीने, तो थर काढा. नव्या पॅडच्या कानांवर कधी कधी रंगाचा जाड लेप असतो. तोही घासावा लागतो. पॅड बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. हातोडीने बसवावा लागला तर तो सुटणार कसा?

ही धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा, तेही डिस्क पूर्ण थंड झाल्यावर.

मग पिस्टन. मदतनिसाला पेडल अगदी हळू दाबायला सांगा आणि पिस्टन एखादा सेंटिमीटर बाहेर येऊ द्या, जास्त नको. समोर लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे निसटायचा नाही. बूट उचलून पिस्टनचा चकचकीत भाग बॅटरीच्या उजेडात पाहा. आता निपल उघडून, नळी बाटलीत ठेवूनच, सी-क्लॅम्पने तो मागे दाबा. निपल उघडा यासाठी की चाकाजवळचं मळकं ऑइल उलट एबीएसच्या आत ढकललं जाऊ नये. पिस्टन एकसारख्या, मध्यम जोराने आत गेला तर तो चांगला आहे. अडखळत, तिरका होत, दात-ओठ खाऊन ढकलावा लागला तर खोलावा लागेल. हे पुढच्या चाकांपुरतं सांगतेय. मागच्या चाकांना डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमधून चालत असेल तर बहुतेक ठिकाणी पिस्टन फिरवत फिरवत आत घालावा लागतो, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेकला आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं. तिथे क्लॅम्प लावून जोर केलात तर चांगला कॅलिपर हातानेच मोडाल.

दुरुस्त होतो का, या प्रश्नाचं उत्तर पिस्टनवरच्या डागांत आहे. सील आणि बूट यांचा किट मिळतो. सील कॅलिपरच्या खाचेत बसते आणि पिस्टनच्या अंगावर घासते, म्हणून पिस्टनचा पृष्ठभाग महत्त्वाचा. त्यावर नखाला लागेल असा खड्डा किंवा उडालेला मुलामा असेल तर पॉलिश करत बसू नका, पिस्टन नवा हवा. कॅलिपरच्या भोकात नुसता काळपटपणा असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने निघतो. पण सीलची खाच गंजून खरवडली गेली असेल तर तो कॅलिपर संपला, बदला. काही गाड्यांचे पिस्टन कडक प्लॅस्टिकसारख्या फिनॉलिकचे असतात. ते गंजत नाहीत, पण त्यांच्या कडा तडकतात आणि काही फुगतात. तसा दिसला तर नवाच.

किट घरी टाकावा का? तुम्ही पॅड बदललेत म्हणजे हात वळलेला आहे, पण पिस्टन काढण्याची पहिली वेळ एखाद्या जाणत्याच्या शेजारी बसून करा. कॉम्प्रेसरच्या हवेने काढताना पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मधे बोटं असली तर ती चेचतो. पेडलच्या दाबानेच हळूहळू बाहेर आणणं जास्त सुरक्षित, फक्त ऑइल बरंच सांडतं आणि ते गाडीच्या रंगावर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर रंग उठतो. आतले भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने कधीही धुऊ नका. ब्रेक क्लीनर किंवा कोरं ब्रेक ऑइल वापरा. सील बसवताना ती कोऱ्या ऑइलमध्ये बुडवा, आणि पिस्टन फक्त हाताच्या जोराने, सरळ आत घाला. होजच्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. ते दर वेळी नवे. सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराच्या आकड्यालाच, आवळा, अंदाजाने नव्हे.

एक धोका आधीच सांगून ठेवते: निपल. सात वर्षांत तो कधी उघडलाच नसेल तर गंजून बसलेला असेल आणि जोर केल्यावर तुटेल. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा, सहा कोनी पाना वापरा, हातोडीने हलकेच टकटक करा. तरीही तुटला तर तुमचं काही चुकलं नाही, कॅलिपर बदलायचं कारण मात्र आयतं मिळालं.

कॅलिपर बदलायचाच ठरला तर दोन्ही बदलायचे का? इथे माझं गॅरेजवाल्यांशी पूर्ण भांडण नाही. पॅड आणि डिस्क नेहमी एका ॲक्सलच्या जोडीनेच बदलायच्या. तुमच्याकडे आठ महिन्यांत फक्त डावीकडचे पॅड दोनदा बदलले गेले, ते मला पटलेलं नाही; डावे-उजवे पॅड वेगळ्या वयाचे आणि कदाचित वेगळ्या मसाल्याचे असले तर गाडी तेवढ्यानेही ओढू शकते. कॅलिपरचं तसं नाही. उजवा खोलून पाहा: पिना मोकळ्या, बूट शाबूत, पिस्टन सहज आत जातोय, पॅड सारखे झिजलेत, तर त्याला नवं ग्रीस घालून राहू द्या. डिस्कचा निकाल आकड्याने लावा. तिच्या कडेवर किंवा मधल्या गोलावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजा. किमानपेक्षा जाड असेल, तडे नसतील, निळे-काळे जळके डाग नसतील आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत नसेल, तर डिस्क बदलायचं कारण मला दिसत नाही. थरथरत असेल तर लोक म्हणतात "डिस्क वाकली". बहुतेकदा ती वाकलेली नसते, जाडी जागोजाग कमी-जास्त झालेली असते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दोन-तीनचा फरकसुद्धा पायाला कळतो. तुमची डावी डिस्क दोन महिने भाजली गेलीय, तेव्हा तिची आशा मी फार धरणार नाही. चाक फिरवताना घरघर येते का तेही ऐका. त्या धगीने बेअरिंगचं ग्रीसही पातळ होऊन निघून गेलेलं असू शकतं.

हवा काढण्याबद्दल एक स्वतःची फजिती. काम शिकत होते तेव्हा मी एका गाडीला दोन नवे कॅलिपर बसवले आणि दुपारभर हवा काढत बसले. पेडल स्पंजासारखंच. ऑइलचे दोन डबे संपले. संध्याकाळी उस्ताद आले, चाकाजवळ वाकले आणि काही न बोलता निपलवर बोट ठेवलं. तो खाली होता. मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दोन्ही सहज बसतात, हीच त्यातली गोम. हवा वर जाते. निपल खाली असेल तर वर अडकलेला बुडबुडा कितीही पेडल मारलं तरी निघत नाही. तेव्हापासून कॅलिपर डब्यातून काढला की मी आधी निपल कुठे आहे ते बघते.

बाकी पद्धत तुम्हाला माहीत असेलच: पेडल दाबून धरा, निपल उघडा, निपल बंद करा, मगच पेडल सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत. टाकीतली पातळी सतत पाहा. ती रिकामी होऊन एबीएसच्या आत हवा गेली तर काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असेल तो. ऑइल कंपनीने सांगितलेल्या जातीचंच आणि सीलबंद डब्यातलं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नका, डॉट ५.१ वेगळं, नाव सारखं असलं तरी. नाहीतरी एवढं खोललंच आहे, तर चारही चाकांचं जुनं ऑइल काढून टाका. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि सात वर्षांत तुमच्या गाडीचं किती वेळा बदललं हे पत्रात नाही.

चाक बसवल्यावर, इंजिन सुरू करून, गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत परत यायला पाच-सहा दाब लागतात, आणि पहिल्या दाबाला पेडल सरळ तळाशी जातं. अंगणातून बाहेर पडताना हे कळणं फार वाईट. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा वेग कमी करा. दर दोन वेळांमध्ये डिस्कला थोडं निवू द्या. नवे पॅड डिस्कवर बसतात ते असे.

त्यानंतर पहिल्यासारखीच वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारा आणि दोन्ही डिस्क पुन्हा मोजा. ५०० किलोमीटर झाले की डावं चाक एकदा काढून आतला आणि बाहेरचा पॅड बघा. दोघांत मिलिमीटरभर जरी फरक पडलेला दिसला, तर खालची पिन आधी तपासा.